बुडालेले लाकूड वाळवायचे कसे?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल टिटवाळा सोडते आणि पुढचे स्थानक येते खडवली. येथे उतरणाऱ्यांपैकी बरेच जण भातसा नदीच्या ओढीने आलेले असतात. नदी पुढे काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास कल्याणपाशी खाडीचे रूप घेऊन वसईच्या दिशेने समुद्राकडे जाते. वरच्या अंगाला शहापूर-मुरबाडची सागाची जंगले आणि खालच्या अंगाला भरती-ओहोटीचे पाणी. जहाज बांधायला याहून सोयीची जागा शोधून सापडणे कठीण.

आणि जहाजे येथे खरोखरच बांधली गेली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि मराठी आरमाराचा पाया याच खाडीच्या काठी घातला गेला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ गलबते तयार होत असल्याची चिंता नोंदवलेली आहे. त्या कामावर सुरुवातीला रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी चक्रे फिरवल्यावर तो आपल्या माणसांसह काम सोडून निघून गेला. कागदोपत्री एवढा तपशील मिळतो. पण त्या गलबतांचा वासा, फळी किंवा सुकाणू आज दाखवता येत नाही.

एखादा अवशेष गाळाखाली असूही शकतो. या खाडीत वर्षानुवर्षे रेतीउपसा चालत आला आहे. कल्याण-ठाणे-मुंबई हा पट्टा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे, आणि जलमार्ग म्हटला की गाळ काढणे आलेच. उद्या एखाद्या यंत्राच्या बकेटमध्ये रेतीबरोबर जुन्या जहाजाचा तुकडा वर आला, तर काय होईल? बहुधा लोक तो धुतील, घासतील, काठावर आणून उन्हात ठेवतील. हेतू चांगलाच असेल. पण शेकडो वर्षे पाण्याखाली टिकलेले लाकूड नासवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग तोच आहे.

गाळात लाकूड टिकते कसे?

लाकडाला कुजवणारे मुख्य शत्रू म्हणजे बुरशी, वाळवी आणि इतर किडे. तिघांनाही हवा लागते. खाऱ्या पाण्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे जहाजे पोखरणारा किडा. दिसतो अळीसारखा, पण प्रत्यक्षात शिंपल्याच्या कुळातला. डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपांनी तो लाकूड खरवडत आत शिरतो आणि फळीची चाळण करून टाकतो. उष्ण समुद्रात त्याचे चांगलेच फावते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सुंची खडकाजवळ सतराव्या शतकाच्या सुमाराच्या पोर्तुगीज जहाजाच्या खुणा सापडल्या. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी पाण्याखाली टिकली होती. जहाजाचा सांगाडा मात्र टिकलेला नव्हता.

गाळाखालचा हिशेब वेगळा असतो. लाकूड चिखलात लवकर गाडले गेले की प्राणवायू संपतो आणि बुरशी व किडे दोघांचेही काही चालत नाही. याचा मोठा पुरावा मुंबईतच मिळाला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम सुरू असताना समुद्राच्या चिखलाखाली एक बुडालेले जंगलच सापडले. खैराची तीनशेहून अधिक झाडे तिथे होती. काही उभी, काही आडवी. जमीन खचून समुद्र आत आला आणि चिखलाने त्या झाडांना झाकून ठेवले.

अर्थात चिखलातही लाकूड जसेच्या तसे राहत नाही. अगदी कमी प्राणवायूवर जगणारे काही जीवाणू त्याला फार सावकाश खात असतात. लाकडाच्या पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांची बनलेली असते. घराच्या भाषेत सांगायचे तर लिग्निन ही चौकट आणि सेल्युलोज हा भराव. जीवाणू भराव खातात. चौकट बरीचशी तशीच राहते. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी शिरते. म्हणून शतकांनंतर वर आलेली फळी बाहेरून अगदी धडधाकट दिसते. तिच्यावरच्या तासणीच्या खुणा आणि खिळ्यांची भोके मोजता येतात. पण तिचा आकार आता लाकडाने नव्हे, तर पाण्याने धरून ठेवलेला असतो.

किती पाण्याने, हे मोजता येते. पूर्ण वाळवलेल्या वजनाच्या तुलनेत लाकडात किती पाणी आहे, यावरून संवर्धनतज्ज्ञ त्याची प्रत ठरवतात. पाणी १८५ टक्क्यांहून कमी असेल तर लाकूड बऱ्यापैकी शाबूत मानतात. ४०० टक्क्यांच्या वर गेले तर ते अतिशय जर्जर. म्हणजे एक किलो लाकडात चार किलोंपेक्षा जास्त पाणी. अशा फळीत टाचणी सहज रुतते.

उन्हात काय घडते?

कैरीच्या फोडी उन्हात घातल्या की त्यांची आंबोशी होते. फोड आक्रसते, वाकडी होते, कडक होते. पाणी निघून जाताना पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात, हे त्याचे कारण. जर्जर लाकडात नेमके हेच घडते, फक्त जास्त निर्दयपणे. पेशीतले पाणी ओसरू लागले की त्याच्या पृष्ठभागाचा ताण पातळ झालेल्या भिंतींना आत खेचतो. भिंती कोसळून एकमेकींना चिकटतात. फळी आखडते, पिळवटते, आडव्या-उभ्या भेगा पडतात. पुन्हा पाण्यात टाकले तरी ती पूर्ववत होत नाही. बाहेरचा थर आधी वाळतो आणि आतला ओलाच राहतो, त्यामुळे मोठ्या वाशांत भेगा अधिक खोल जातात. काही वेळा यासाठी काही दिवसही पुरतात.

यात नुकसान केवळ शोभेच्या वस्तूचे होत नाही. सागाच्या खोडात दरवर्षी एक कडे तयार होते आणि त्याची जाडी त्या वर्षाच्या पावसावर बरीच अवलंबून असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सागाच्या अशा कड्यांवरून जुन्या मोसमी पावसाचा अभ्यास केला आहे. म्हणजे जुन्या जहाजाची एक फळी कोणत्या झाडाची, कधीची, ती कोणत्या हत्याराने तासली, हे तर सांगतेच. ते झाड वाढत असताना पाऊस कसा पडला, हेही सांगू शकते. फळी आखडली की कड्यांची मापे बिघडतात आणि ही नोंद कायमची जाते.

मोरावळ्याची युक्ती

मग पाणी काढायचे कसे? उत्तर सोपे आहे. नुसते काढायचे नाही, त्याच्या जागी दुसरे काहीतरी भरायचे. मोरावळा करताना हेच केले जाते. आवळे टोचून आधी पातळ पाकात ठेवतात, मग पाक हळूहळू घट्ट होऊ देतात. आवळ्यातले पाणी बाहेर येते, साखर आत जाते आणि आवळा आपला आकार राखून टिकतो. घाईने एकदम घट्ट पाकात टाकला तर तो सुरकुततो.

लाकडासाठी साखरेच्या जागी बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, हे मेणासारखे रसायन वापरतात. ते पाण्यात विरघळते आणि विषारी नाही. मलमांत ते असते, बद्धकोष्ठतेवर पाण्यात घालून घ्यायच्या पावडरीतही तेच असते. त्याच्या साखळ्या लहान-मोठ्या मिळतात. लहान साखळीचे पीईजी पेशीच्या भिंतीत मुरते. मोठ्या साखळीचे भिंतींमधल्या पोकळ्या भरून टेकू देते. म्हणून आधी लहान, मग मोठे, आणि प्रत्येक टप्प्यावर द्रावण थोडे थोडे घट्ट करत जायचे, असा क्रम ठरलेला आहे.

या पद्धतीची मोठी परीक्षा स्वीडनमध्ये झाली. ‘वासा’ ही ६४ तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीवर निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता बुडाली. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारे असल्यामुळे तिथे जहाजे पोखरणारा किडा जगत नाही. १९६१ मध्ये, ३३३ वर्षांनी, जहाज जवळजवळ अखंड वर काढले गेले. त्यानंतर १७ वर्षे त्यावर पीईजीचे फवारे मारले गेले. बुरशी येऊ नये म्हणून द्रावणात बोरिक आम्ल मिसळले होते; कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर म्हणजे तेच. फवारे थांबल्यावर सावकाश वाळवण्यात आणखी नऊ वर्षे गेली.

इंग्लंडची ‘मेरी रोझ’ १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर आली. आधी कित्येक वर्षे तिच्यावर थंड पाण्याचे फवारे चालू ठेवले. १९९४ ते २०१३ अशी १९ वर्षे पीईजी दिले आणि मग वाळवणी झाली. एका पिढीने सुरू केलेले काम दुसऱ्या पिढीने पूर्ण करायचे, असा हा उद्योग आहे.

लहान वस्तूंसाठी आणखी एक उपाय आहे. पीईजी मुरवलेले लाकूड गोठवायचे आणि निर्वात कक्षात ठेवायचे. तिथे बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन उडून जातो. कपाटातल्या डांबरगोळ्या ओल्या न होता संपतात, तसाच. द्रव पाणीच नसल्यामुळे भिंतींना खेचणारा ताणही नसतो. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्याजवळ १६८६ मध्ये बुडालेल्या ‘ला बेल’ या फ्रेंच जहाजाचे वासे अशा मोठ्या कक्षात वाळवले गेले. जपानमध्ये ताकाशिमा बेटापाशी १२८१ मध्ये बुडालेल्या मंगोल आरमाराच्या लाकडासाठी ट्रेहॅलोज ही एक प्रकारची साखर वापरली जाते. स्वस्त पर्याय म्हणून साधी साखरही काही ठिकाणी वापरून पाहिली गेली आहे. मोरावळ्याची उपमा तिथे शब्दशः खरी ठरते, आणि मुंग्या व बुरशीची भीतीही तितकीच खरी.

खाडीचा वास आणि जहाजातले आम्ल

ओहोटीच्या वेळी खाडीचा पूल ओलांडताना गाडीत शिरणारा सडक्या अंड्यांचा वास रोजच्या प्रवाशांना सांगायला नको. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. हवा नसलेल्या चिखलात काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून तो तयार करतात. बुडालेल्या जहाजात हाच वायू लाकडात मुरतो आणि गंधक साठत जाते. जोडीला खिळे व बोल्ट गंजून लोखंडही लाकडात उतरते. पाण्याखाली हे दोघे शांत बसतात. हवा लागली की लोखंडाच्या मदतीने गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होऊ लागते.

‘वासा’च्या बाबतीत हे लक्षात आले २००० मध्ये. त्या दमट उन्हाळ्यात जहाजाच्या लाकडावर पांढरट-पिवळसर क्षारांचे डाग उमटले. शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या प्रखर झोतात लाकडाचे नमुने तपासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार जहाजात सुमारे दोन टन सल्फ्युरिक आम्ल तयार झालेले होते आणि साठलेल्या गंधकापासून आणखी होण्याची शक्यता होती. त्यानंतर संग्रहालयाची वातानुकूलन व्यवस्था बदलली गेली आणि पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट काढून न गंजणाऱ्या पोलादाचे बसवले गेले. ‘मेरी रोझ’च्या लाकडावर स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण वापरून गंधकाला आम्ल होण्याआधीच निष्प्रभ करण्याचे प्रयोग झाले.

घाईच्या उपायांची किंमत नंतर मोजावी लागते, याचे उदाहरण नॉर्वेत आहे. ओसेबर्ग येथे १९०४ मध्ये सापडलेल्या व्हायकिंग काळातील लाकडी वस्तू तेव्हाच्या रीतीप्रमाणे तुरटीच्या गरम द्रावणात ठेवल्या गेल्या. वस्तूंचा आकार टिकला. पण तुरटीमुळे लाकडात आम्ल तयार झाले आणि शंभर वर्षांनी त्यांतल्या कित्येक वस्तू आतून भुसभुशीत झालेल्या आढळल्या. म्हणूनच आजचे संवर्धक शक्यतो असा उपाय निवडतात की उद्या अधिक चांगला सापडला तर आधीचा मागे घेता यावा.

कोकणच्या हवेत

भारतात जुने लाकूड ओल्या मातीतून निघाल्याची उदाहरणे आहेत. केरळमधील पट्टणम येथे २००७ च्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आंजिलीच्या लाकडाची सहा मीटर लांबीची होडी आणि बंदराच्या काठावरचे सागाचे खुंट मिळाले. त्याच राज्यात आलप्पुळा जिल्ह्यातील कडक्करप्पळ्ळी येथे २००२-०३ मध्ये एका शेताच्या मातीतून सुमारे वीस मीटर लांबीचे मध्ययुगीन गलबत उघडे केले गेले. दोन्ही जागा आज समुद्रात नाहीत, जमिनीवर आहेत. नदीचा गाळ साचून किनारा पुढे सरकला आणि होड्या मागे राहिल्या. कल्याण हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातही नोंदलेले बंदर आहे. तिथल्या जुन्या काठांवरही असे घडले असणे अशक्य नाही.

मात्र युरोपातील पद्धत उचलून येथे आणता येणार नाही. पीईजी हवेतील ओलावा शोषून घेते. लहान साखळीचे तर विशेष. ‘वासा’च्या दालनात आर्द्रता सुमारे ५५ टक्क्यांवर ठेवली जाते. ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर सहज जाते. अशा हवेत उघड्यावर ठेवलेले, पीईजी दिलेले लाकूड चिकट होऊन पाझरू लागेल. शिवाय सागाचा गाभा घट्ट आणि तेलकट असतो. तो कमी कुजतो हे खरे, पण त्यामुळेच द्रावणही त्यात सावकाश शिरते. एकाच वाशाचा बाहेरचा थर स्पंजासारखा आणि गाभा जवळजवळ नवा, असे असू शकते. दोन्हींना वेगळा उपचार लागतो. त्यामुळे आधी सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहून लाकडाची जात आणि प्रत ठरवायची, छोट्या तुकड्यांवर प्रयोग करायचे आणि मगच मोठ्या वाशाला हात लावायचा, हा क्रम येथे अधिकच काटेकोरपणे पाळावा लागेल.

उष्ण हवेच्या देशांनी आपापले मार्ग काढले आहेत. दक्षिण चीनच्या समुद्रातील ‘नानहाय क्रमांक एक’ हे सुंग काळातील जहाज २००७ मध्ये भोवतालच्या गाळासह एका प्रचंड पोलादी पेटीत उचलले गेले आणि किनाऱ्यावरच्या संग्रहालयात नेऊन तिथे सावकाश उकलले गेले. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे. कॅनडात रेड बे येथे सोळाव्या शतकातील बास्क व्हेलशिकारी जहाजाची प्रत्येक फळी वर काढून मोजली, रेखाटली आणि सगळे लाकूड पुन्हा समुद्रतळाशी वाळूखाली पुरून ठेवले. संवर्धनाची सोय नसेल तेव्हा, ज्या गाळाने शतकानुशतके राखले त्याच्याच हवाली करणे हा पराभव नव्हे.

पहिला दिवस महत्त्वाचा

लाकडाची किंमत आपल्याकडे पूर्वी ओळखली जात होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारे साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे, पण आंबा-फणस यांसारखी, रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, असे बजावलेले आहे. त्या काळजीने निवडलेल्या लाकडाचा एखादा तुकडा आज हाती आला, तर त्याच्यासाठी पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत.

लाकूड ओले आहे ते ओलेच ठेवावे. ज्या पाण्यातून निघाले त्याच पाण्याच्या टाकीत ते बुडवून ठेवणे उत्तम. ते जमत नसेल तर ओल्या कापडात गुंडाळून वरून प्लास्टिक बांधावे आणि सावलीत ठेवावे. ब्रशने घासू नये, कारण हत्यारांच्या खुणा वरच्या मऊ थरातच असतात. खिळे उपटू नयेत. तेल, रंग, फेविकॉल काहीही लावू नये. सापडलेली जागा आणि खोली लिहून ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत, शेजारी आणखी लाकूड दिसत असेल तर ते उकरू नये. जमिनीतून मिळालेल्या अशा मौल्यवान वस्तूंबाबत जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागालाही लगेच कळवावे.

हे प्रयोगशाळेतील तज्ज्ञांना शिकवण्याची गरज नाही. खाडीत जाळे टाकणारा कोळी, रेतीच्या बोटीवरचा मजूर, पुलाच्या खांबासाठी खड्डा खणणारा पोकलेनचालक यांच्यापर्यंत ते पोहोचायला हवे. कारण भातसा-उल्हासच्या गाळातून काही वर आलेच, तर ते आधी त्यांच्याच हाती लागणार आहे, आणि तज्ज्ञ येईपर्यंत त्यावर पाण्याची बादली ओतत राहण्याचे कामही त्यांनाच करावे लागणार आहे.